डिस्प्ले येत नाही

संगणकाचे बटण दाबल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडदा मात्र काळाच राहतो, या अवस्थेला मराठी मुलुखात ‘डिस्प्ले येत नाही’ असे म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य फोनवर रोज ऐकू येते आणि त्यातून दुकानदाराला कळते ते एवढेच, की फोन करणाऱ्याला काही दिसत नाही. कारण या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी गुण्यागोविंदाने नांदत असतात. पहिलीत सगळीकडेच सामसूम असते : पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. दुसरीत पंखा उत्साहाने फिरतो, पण मॉनिटरवर एक अक्षर उमटत नाही. तिसरीत मॉनिटर जिवंत असतो आणि ‘नो सिग्नल’ अशी पाटी काळ्या पडद्यावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हिंडवत असतो. तिन्हींचे औषध वेगळे असल्यामुळे दुकानदार आधी विचारतो, ‘पंखा फिरतोय का?’ त्यावर पलीकडून उत्तर येते, ‘हो, पाचवर आहे, तरी उकडतंय.’

कंपनीचे चिन्ह दिसले, खाली ठिपके गोल गोल फिरले आणि मग पडदा काळा झाला, तर ती तक्रार या प्रकरणात मोडत नाही. ते विंडोजचे दुखणे. इथे विषय आहे तो बटण दाबल्यापासून पहिले चित्र उमटेपर्यंतच्या काही सेकंदांचा, आणि त्या सेकंदांत विंडोजचा संबंधच येत नाही. ही बाब लक्षात ठेवलेली बरी. पुढे तिच्यामुळे पैसे वाचतात.

त्या काही सेकंदांत डब्याच्या पोटात बरेच घडते. भिंतीवरचे बटण चालू असेल तर डेस्कटॉप पूर्ण झोपलेला कधीच नसतो. ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात तो वीजपुरवठ्याचा डबा मदरबोर्डला ५ व्होल्टची एक बारीक धार कायम पुरवत असतो. समोरचे बटण दाबले की मदरबोर्ड एसएमपीएसला उठवतो. तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू करतो, ते स्थिरावले की ‘वीज ठीक आहे’ असा इशारा मदरबोर्डला देतो. यासाठी १०० ते ५०० मिलिसेकंदांची मुदत ठरलेली आहे. इशारा मिळाला की प्रोसेसर बायॉसच्या चिपमधली पहिली आज्ञा वाचतो आणि तपासणी सुरू होते. प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, रॅममध्ये लिहिलेले परत वाचता येते का, चित्र काढणारे कोणी हजर आहे का. या तपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात आणि १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्येही ती होती. चित्र उमटते ते या तपासणीच्या उत्तरार्धात. म्हणजे ज्या मॉनिटरला पहिली शिवी बसते त्याच्यापर्यंत काम पोचलेलेच नसते.

घरातला तपास मात्र नेमका उलट्या दिशेने चालतो. तांत्रिक प्रश्न शेवटी येतात; पहिला प्रश्न असतो, ‘कोणी हात लावला होता?’ आरोपी बहुधा घरातला सर्वांत लहान सभासद असतो आणि आरोपपत्रात गेम, पेन ड्राइव्ह आणि ‘कसलं तरी डाउनलोड’ अशी कलमे असतात. पाठोपाठ ‘काल रात्रीपर्यंत चांगला चालू होता’ ही साक्ष नोंदवली जाते. बंद पडलेली प्रत्येक वस्तू बंद पडण्याच्या आधीपर्यंत चालूच असते, त्यामुळे या साक्षीचा तपासाला उपयोग शून्य. तरी ती प्रत्येक घरात, प्रत्येक वेळी, शपथेवर सांगितल्यासारखी दिली जाते. तिसरी पायरी म्हणजे कॅबिनेटच्या डाव्या कुशीत एक चापट. ही परंपरा टीव्हीकडून वारशाने आलेली आहे. सैल बसलेली पिन चापटीने क्वचित जागेवर येतेही, पण फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क आत असेल तर एका पडद्यापायी दोन दुखणी पदरात पडण्याची शक्यता जास्त.

मग बटण. ते पुन्हा दाबले जाते, मग जोरात, मग बराच वेळ. जोराने काहीही होत नाही. आतले बटण दोन तारा क्षणभर जोडते, तिथे ताकदीला वाव नाही. बराच वेळ दाबण्याने मात्र होते : सुमारे चार सेकंद बटण धरून ठेवले की संगणक सक्तीने बंद होतो. सुरू व्हायला निघालेल्या यंत्राला याच पद्धतीने पुन्हा पुन्हा झोपवून ‘बघा, सुरूच होत नाही’ असे म्हणणारे गृहस्थ विरळा नाहीत. बटण बराच वेळ दाबण्याचा उपयोग आहे, पण तो वीज काढल्यावर. मागची केबल उपसावी, समोरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवावे, आत साठलेली वीज ओसरू द्यावी, मग केबल लावून सुरू करावे. हा उपाय इतका साधा आहे की त्याने संगणक सुरू झाला तर घरच्यांना थोडेसे फसवल्यासारखे वाटते.

यानंतर एक चाचणी अशी आहे जिला पैसे, पेचकस आणि शिक्षण यांतले काहीही लागत नाही. संगणक सुरू करून मिनिटभर थांबावे आणि की-बोर्डवरचे कॅप्स लॉक दाबावे. त्याचा दिवा दर दाबेला लागत आणि विझत असेल तर आत सगळे ठीक चालले आहे, विंडोज बहुधा उघडून बसले आहे आणि फक्त ते दिसत नाही. अशा वेळी गुन्हेगार मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्स यांपैकीच. दिवा ढिम्म हलत नसेल तर यंत्र पोस्टमध्येच अडकले असावे. या एका दाबाने अर्धे रान साफ होते. तरी ही चाचणी सहसा कोणी करत नाही, कारण पडदा काळा असताना की-बोर्डशी बोलणे माणसाला चमत्कारिक वाटते.

मॉनिटरची चौकशी आता करावी. मॉनिटरला स्वतःची वीज असते, स्वतःचे बटण असते आणि ते बटण बहुधा खालच्या कडेच्या आत, जिथे बोट जाते पण नजर जात नाही, अशा जागी बसवलेले असते. दिवा अजिबात नसेल तर मॉनिटरला वीज नाही. पिवळट दिवा असेल किंवा दिवा मिणमिणत असेल तर वीज आहे, चित्र येत नाही. मॉनिटर चालू ठेवून चित्राची केबल कॅबिनेटच्या बाजूने उपसली आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ किंवा ‘चेक केबल’ आले, तर मॉनिटर निर्दोष सुटला. काहीच आले नाही तर काळोख्या खोलीत पडद्यावर तिरपा टॉर्च मारून पाहावे. पुसट चित्र दिसले तर चित्र येते आहे, फक्त पडद्यामागचा उजेड गेला आहे.

केबलच्या बाबतीत मराठी घरांचा एक ऋतू ठरलेला आहे : दिवाळीच्या आधीची साफसफाई. या आठवड्यात संगणक भिंतीपासून पुढे ओढला जातो, मागची जाळी झटकली जातात, सगळ्या केबली काढून ओल्या फडक्याने पुसल्या जातात आणि जिथे जे बसेल तिथे ते बसवले जाते. त्याच्या थोडे आधी खंडेनवमीला किंवा दसऱ्याला त्याच यंत्राला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातलेली असते. माळ बहुधा हवा खेचणाऱ्या जाळीवरच येते आणि हळदीचा काही भाग देवापर्यंत न पोचता पंख्यापर्यंत पोचतो. श्रद्धेवर टीका करण्याचे कारण नाही. कुंकू मॉनिटरच्या चौकटीला लावावे, जाळीला लावू नये, एवढेच.

जुन्या निळ्या तोंडाच्या केबलचे, म्हणजे व्हीजीएचे, दुखणे आणखी वेगळे. १९८७ साली आयबीएमने आणलेल्या या जोडणीत तीन ओळींत पंधरा पिना बसतात आणि दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू असतो. स्क्रू ‘उद्या परत काढायचंच आहे’ म्हणून कोणी आवळत नाही. ते उद्या कधी येत नाही, आणि दरम्यान टेबलाला लागलेल्या प्रत्येक धक्क्याने केबल केसभर मागे सरकते. अर्धवट बसली की पडदा गुलाबी किंवा पिवळा होतो, पूर्ण सुटली की काळा. एचडीएमआयला स्क्रूच नाही, त्यामुळे तिथे आळसाला सबबही लागत नाही. आणि मॉनिटरला दोन्ही जोडण्या असतील तर त्याने कोणत्या दाराकडे पाहावे हे त्याच्या मेनूत ठरवावे लागते. मुलाने सुट्टीत एचडीएमआयवर दुसरे काही लावले असेल तर मॉनिटर निष्ठेने त्याच रिकाम्या दाराकडे पाहत बसतो आणि व्हीजीएमधून आलेल्या चित्राला ओळख देत नाही. म्हणजे ‘कोणी हात लावला होता?’ या प्रश्नात कधीकधी तथ्य असते, हेही नोंदवले पाहिजे.

कॅबिनेटच्या मागे चित्राची दारे दोन ठिकाणी असू शकतात. वरच्या बाजूला, माऊस आणि की-बोर्डच्या शेजारी असतात ती मदरबोर्डची. त्याखाली आडव्या पट्टीत असतात ती वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची. कार्ड बसवलेले असेल तर केबल खालच्या दाराला लावायची असते. हजारो रुपयांचे कार्ड आणून केबल वरच्या दाराला लावायची आणि मग कार्ड परत करायला जायचे, हा नव्या संगणकाचा नित्याचा संस्कार आहे. यात इंटेलने एक बारीक अक्षर घालून ठेवले आहे. ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो त्यात चित्र काढण्याची सोयच नसते. तो थोडा स्वस्त मिळतो आणि ती स्वस्ताई कार्डाच्या बिलात वसूल होते. एएमडीच्या ७००० मालिकेच्या आधीच्या डेस्कटॉप रायझेनमध्ये उलटा न्याय आहे : तिथे ढोबळमानाने ‘जी’ अक्षर असेल तरच चित्र, नाहीतर अंधार. अशा प्रोसेसरच्या मदरबोर्डवरही एचडीएमआयचे दार असतेच. ते दिसते, केबल त्यात छान बसते आणि त्यातून काहीही बाहेर येत नाही.

खरे तर संगणक आपले दुखणे स्वतः सांगतो. पोस्ट नीट झाली की एक छोटी ‘टीक’, आणि बिघडली तर ठरावीक शिट्ट्या, अशी भाषा जुन्या यंत्रांपासून आहे. अवॉर्ड बायॉसमध्ये एक लांब आणि दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. एएमआय बायॉस त्याच भागासाठी आठ छोट्या शिट्ट्या मारतो. प्रत्येक घराण्याची गायकी वेगळी असल्यामुळे मदरबोर्डची पुस्तिका लागते, आणि पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत गेलेली असते. तेवढ्यानेही भागले असते. पण शिट्टी मारणारा काही रुपयांचा छोटा स्पीकर नव्या कॅबिनेटांतून गायबच झाला आहे. काचेचा दरवाजा देतात, सात रंगांचे दिवे देतात, आवाज देत नाहीत. मदरबोर्डवर स्पीकरच्या चार पिना रिकाम्या उभ्या असतात आणि यंत्र मुक्याने ओरडत राहते. याची भरपाई म्हणून बऱ्याच नव्या मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार बारीक दिवे दिलेले असतात. त्यातला जो लागून राहतो त्या जागी गाडी अडलेली असते. हे दिवे सात रंगांच्या रोषणाईत शोधावे लागतात, ही वेगळी गोष्ट. शिट्टीच्या बाबतीत एक इशारा : टेबलाखालचा यूपीएससुद्धा शिट्टी मारतो आणि ती वीज गेल्याची असते. ती ऐकून रॅम बदलू नये.

रॅमवर मात्र थांबायलाच हवे. या देशात ‘डिस्प्ले येत नाही’ असे कोणालाही सांगितले, मग तो हार्डवेअरवाला असो, भाचा असो की सोसायटीचा सेक्रेटरी, उत्तर एकच येते : ‘रॅम काढून लावा.’ आणि या सल्ल्याची सगळ्यांत खटकणारी बाब ही, की तो बऱ्याचदा लागू पडतो. रॅमच्या पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात आणि ते खाचेतल्या स्प्रिंगांना नुसते टेकून असतात. तिथे डाग दिलेला नसतो, स्क्रू नसतो. सोने गंजत नाही हे खरे, पण हा मुलामा अतिशय पातळ असतो आणि त्यावर धूळ, बोटांचे तेल आणि ओल यांचा थर बसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात चार महिने पावसात काढलेल्या संगणकाला हा थर न मागता मिळतो. शेकडो दातांपैकी एकाचा स्पर्श तुटला तरी पोस्ट तिथेच थांबते. पट्टी काढून पुन्हा बसवताना दात खाचेत घासले जातात, थर खरवडला जातो आणि पडदा उजळतो. यामागे ना दैवी शक्ती आहे ना भाच्याची हुशारी.

या विधीचे मुख्य द्रव्य म्हणजे खोडरबर. सोनेरी दातांवरून शाळकरी पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवायचे, चुरा झटकायचा आणि पट्टी परत लावायची. खोडरबर कोणते घ्यावे याविषयी घराघरांत बेफिकिरी असते आणि कंपासपेटीत हाताला लागेल ते घेतले जाते. अर्धे लाल आणि अर्धे निळे असते त्यातली निळी बाजू शाई खोडण्यासाठी असते. तिच्यात खरखरीत कण असतात आणि ती थराबरोबर सोन्याचा मुलामाही खरवडून नेते. चुऱ्याकडेही लक्ष हवे. तो खाचेत पडला की जो स्पर्श सुधारायचा होता त्याच्याच आड येऊन बसतो. तो उडवण्यासाठी तोंडाने फुंकर मारण्याची पद्धत सार्वत्रिक आहे आणि फुंकरीतून थोडी थुंकी खाचेत जातेच. मऊ ब्रश बरा. शास्त्रशुद्ध उपाय विचारलाच तर तो आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. ते घरात नसते, पण सॅनिटायझरच्या बाटल्या कपाटात अजून असतात आणि ‘तेही अल्कोहोलच की’ या न्यायाने त्या बाहेर येतात. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीनही असते. रॅमच्या त्वचेला मऊपणाची गरज नाही.

पट्टी बसवताना दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी दाबावे लागते आणि बाजूची कडी ‘खट्’ करून मिटावी लागते. हे दाबणे ऐकिवात असते त्यापेक्षा जोराचे असते. बोर्ड किंचित वाकतो, दाबणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि म्हणून बहुतेक लोक एक मिलिमीटर आधीच थांबतात. अर्धी बसलेली रॅम दिसायला पूर्ण बसलेल्या रॅमसारखीच असते. दोन पट्ट्या असतील तर एक काढून एकीवर चालवून पाहावे, मग दुसरीवर, मग खाच बदलून. यात कंटाळा येतो, पण पट्टी वाईट की खाच वाईट हे याशिवाय कळत नाही. चार खाचांच्या बोर्डात दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या असतात. डीडीआर-३ ची पट्टी डीडीआर-४ च्या खाचेत जात नाही, कारण मधली खाच सरकवलेली आहे. तरीही ती घालू पाहणारे आहेत, आणि मनगटात बळ असेल तर ते बोर्ड बदलायच्या पायरीवर इतरांच्या आधी पोचतात.

डीडीआर-५ च्या नव्या यंत्रांत एक नवीच गंमत आहे. पहिल्यांदा सुरू करताना, किंवा रॅम बदलल्यावर, बोर्ड रॅमशी वेळेचे गणित जुळवत बसतो आणि तोवर पडदा काळा असतो. याला काही मिनिटे लागू शकतात. नवा संगणक जोडून पहिल्यांदा बटण दाबलेल्या माणसाला ती मिनिटे काय वाटतात ते विचारायला नको. तो दुसऱ्या मिनिटाला वीज काढतो, रॅम घासतो, पुन्हा लावतो, आणि बोर्ड बिचारा गणित पहिल्यापासून मांडतो. इथे उपाय म्हणजे चहा टाकणे. चहा उकळेपर्यंत डिस्प्ले आला नाही तर मग पुढचा विचार करावा.

पुढचा विचार म्हणजे सेल. मदरबोर्डवर नाण्यासारखा एक ३ व्होल्टचा सेल असतो, त्यावर सीआर २०३२ असे छापलेले असते. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी हे त्यातच सांगून टाकलेले आहे. घड्याळाच्या दुकानात तो मिळतो. वीज नसताना तारीख-वेळ चालू ठेवणे हे त्याचे काम, आणि जुन्या बोर्डांत बायॉसच्या सेटिंगाही त्याच्याच भरवशावर असतात. सेल संपला की संगणक आपल्या जन्मवर्षात परत जातो आणि बँकेचे संकेतस्थळ त्याला आत घेत नाही, पण पडदा सहसा येतो. सेलचा डिस्प्लेशी संबंध आहे तो असा : रॅम किंवा प्रोसेसर जास्त वेगाने पळवण्याच्या हौसेत एखादी सेटिंग अंगाशी आली, तर वीज काढून सेल पाचेक मिनिटे बाहेर ठेवावा म्हणजे बायॉस सगळे विसरून मूळपदावर येतो. बोर्डावर यासाठी दोन पिनाही असतात. पण पाच मिनिटे थांबणे हा भाग कोणालाच जमत नाही. सेल काढला, शर्टाला पुसला, लावला, असे बारा सेकंदांत उरकते आणि मग ‘तेही करून बघितलं’ असे दुकानदाराला सांगितले जाते.

एसएमपीएस हा खरा संशयित आहे आणि तो सर्वांत कमी वेळा पकडला जातो, कारण त्याचा पंखा फिरत असतो. पंखा फिरला म्हणजे वीज ठीक, हा समज खोटा आहे. पंख्याला जेमतेम वीज पुरते. प्रोसेसरला १२ व्होल्टची रेषा ११.४ ते १२.६ च्या आत हवी असते. मल्टिमीटर असेल तर हे दोन मिनिटांत कळते, नसेल तर शेजारच्या संगणकाचा एसएमपीएस लावून पाहणे हा एकच मार्ग, आणि त्यासाठी शेजाऱ्याशी संबंध चांगले लागतात. पेपर क्लिपने २४ पिनांच्या मोठ्या जोडणीतली हिरवी तार काळीला जोडून एसएमपीएस एकटाच सुरू करता येतो. मात्र त्याने तो मेलेला नाही एवढेच सिद्ध होते. घरी जोडलेल्या संगणकात त्याहून सोपी चूक सापडते : प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी जोडणी लावायचीच राहिलेली असते. पंखे फिरतात, दिवे नाचतात, प्रोसेसर उपाशी. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० असे लिहिलेले एक लाल बटण असे. २३० व्होल्टच्या आपल्या देशात ते ११५ वर सरकवून पाहिल्यास उत्तर ताबडतोब आणि आवाजासकट मिळे.

एसएमपीएसच्या आत कधीकधी पाल सापडते. उबदार जागा, आत जायला जाळी, अंधार. पालीच्या दृष्टीने यात काही गैर नाही. ती ज्या ठिकाणी पाय ठेवते तिथे २३० व्होल्टचे एकदिश होऊन सुमारे ३२५ झालेले असतात, आणि मग पाल व एसएमपीएस दोघेही एकाच क्षणी कामातून जातात. ही ३२५ ची वीज आतल्या मोठ्या कपॅसिटरांत केबल काढल्यावरही काही काळ टिकते, म्हणून एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये. बाकीचा संगणक उघडा, हा उघडू नका.

एवढे होऊनही पडदा काळा असेल तर बोर्ड किंवा प्रोसेसर उरतो. बोर्डावरचे कपॅसिटर माथ्याला फुगले असतील तर नुसत्या डोळ्यांना दिसते; २००० नंतरच्या काही वर्षांत खराब द्रव भरलेल्या कपॅसिटरांनी जगभरातले बोर्ड असेच फुगवून मारले होते. बोर्डाखाली चुकून जास्तीचा पितळी खुंट राहिला तरी शॉर्ट होतो. म्हणून जाणकार बोर्ड बाहेर काढून खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवतात आणि प्रोसेसर, एक रॅम व एसएमपीएस एवढ्यावरच चालवून पाहतात. इंटेलच्या प्रोसेसरांत २००४ पासून पिना सॉकेटमध्ये आल्या आहेत. त्यातली एखादी वाकली असेल तर भिंगाने दिसते. ती सरळ करणारे हात असतात, पण ते आपले आहेत का, याचा विचार आधी करावा.

शेवटी हार्डवेअरवाला. तो घरी येतो, बटण दाबतो आणि संगणक सुरू होतो. ही घटना इतकी नियमित आहे की तिचे कारण सांगणे भाग आहे : तो येणार म्हणून टेबल पुढे ओढलेले असते आणि त्या ओढाताणीत सैल केबल नीट बसलेली असते. तो आलाच नाही तर कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात जाते, पुण्यात टिळक रस्त्याला, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. तिथल्या मॉनिटरवर, तिथल्या केबलने, ते क्षणात सुरू होते. घरी आणून लावले की पुन्हा काळोख. कारण घरचा मॉनिटर आणि घरची केबल घरीच होती. दुकानात डबा न्यायचा तर केबलही पिशवीत घालून न्यावी.

आणि दुकानात ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे कोणी म्हटले तर तिथून डबा उचलावा. फॉरमॅट होतो हार्ड डिस्कचा. पोस्टच्या वेळी डिस्क वाचलेलीही नसते आणि डिस्क काढून ठेवली तरी बायॉसचे चित्र यायला हवे. आजार रेड्याला, औषध पखालीला, ही म्हण संगणकाच्या आधीची आहे, पण तिला इतका चोख उपयोग पूर्वी मिळाला नसेल. व्हायरसचेही तसेच, काळ्या पडद्यावर अँटिव्हायरस विकणाऱ्याला विक्रीची कला येते, एवढेच त्यातून सिद्ध होते. बोर्ड जळो, एसएमपीएस जळो, डिस्कवरचे फोटो आणि हिशोब बहुधा सुखरूप असतात आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून वाचता येते. म्हणून डबा दुरुस्तीला देताना डिस्क काढून घरी ठेवावी. ते जमत नसेल तर पावतीवर ‘फॉरमॅट करू नये’ असे लिहून त्यावर दुकानदाराची सही घ्यावी.